आधी वाळवण, मग तेल: चेहऱ्याचं तेल पहिल्यांदाच घरी करणाऱ्यांसाठी

चेहऱ्याचं तेल शिकवा म्हणून कुणी आलं, की मी आधी कॅलेंडर बघायला लावते. मुंबईत पाऊस साधारण ११ जूनच्या सुमाराला येतो आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात निघतो. त्या चार महिन्यांत आमच्या परळच्या घरात मिठाला पाणी सुटतं, काडेपेटीची काडी पेटत नाही, कपाटातल्या चामडी पट्ट्याला बुरशी येते. अशा हवेत पाला वाळत नाही आणि न वाळलेला पाला तेलात गेला की तेल नासतं. म्हणून दिवाळीनंतर मे अखेरपर्यंतचे दिवस आपले. पापड, कुरडया, सांडगे आणि वर्षाचा मसाला ज्या उन्हात होतात, त्याच उन्हात हे तेल करायचं. माझ्या लेखी ते वाळवणाचंच काम आहे.

मी स्वतः पहिलं तेल केलं ते जुलैत. कुंडीतली तुळस आणि आवारातल्या कडुनिंबाचा पाला धुतला, तासभर पंच्यावर पसरला आणि खोबरेल तेलात बुडवून बरणीचं झाकण घट्ट लावलं. नवव्या दिवशी बरणीच्या तळाशी पाण्याचे थेंब जमले होते आणि वर तरंगणाऱ्या पानांवर पांढरी लव होती. टाकून द्यायला जीव होईना म्हणून वरचा थर काढला आणि खालचं तेल गाळून वापरलं. हनुवटीवर आणि कपाळावर ज्या पुटकुळ्या उठल्या, त्या बसायला तीन आठवडे लागले. तेव्हापासून माझा एकच नियम आहे. तेलात पाण्याचा थेंब जाता कामा नये.

याचं कारण साधं आहे. निव्वळ तेलात जंतू वाढत नाहीत, त्यांना पाणी लागतं. ओल्या पानातलं पाणी तेलाच्या तळाशी बसतं आणि तिथे जंतू व बुरशी पोसली जाते. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घातला की आई का ओरडायची, ते इथे तंतोतंत लागू पडतं. फरक एवढाच की लोणच्यात निदान मीठ आणि आंबटपणा राखण करतात, तेलात राखण करणारं काहीच नसतं. ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून घातली की तेल टिकतं असं पुष्कळजण सांगतात. ते अर्धंच खरं आहे. ई जीवनसत्त्व तेल खवट होण्याचा वेग कमी करतं, जंतूंना मात्र अडवत नाही. ओलं तेल कॅप्सूल घालूनही ओलंच राहतं.

तेलात काय उतरतं, काय उतरत नाही

हे समजलं की निम्मी फसगत टळते. वनस्पतीतले काही घटक तेलात विरघळतात, काही फक्त पाण्यात. मंजिष्ठेच्या मुळाचा तांबूस रंग तेलात येतो. हळदीचा पिवळा रंगही येतो. ज्येष्ठमधातला त्वचेसाठी महत्त्वाचा मानला जाणारा ग्लॅब्रिडिन हा घटक तेलात उतरतो, त्याची गोडी मात्र पाण्याची, ती तेलात येत नाही. वाळ्याचा आणि नागरमोथ्याचा वास सावकाश पण छान उतरतो.

आता केशर. केशराचा रंग पाण्यात विरघळणारा आहे. महागाचं केशर नुसत्या तेलात टाकून ठेवलं तर काड्या महिनाभर तशाच्या तशा पडून राहतात आणि पैसे वाया जातात. मग कुंकुमादि या केशराच्या आयुर्वेदिक तेलात केशर कसं, असा प्रश्न येईलच. ते तेल वेगळ्या रीतीनं, पाण्याच्या किंवा दुधाच्या अंशासोबत शिजवून सिद्ध करतात. त्याबद्दल पुढे लिहिते.

कोरफडीचा गर तेलात घालू नका. तो जवळपास सगळा पाणीच असतो, तेलात मिसळत नाही आणि दोन दिवसांत आंबतो. चंदन सहाणेवर उगाळलं की तेही ओलं, ते लेपात शोभतं. गुलाबाच्या पाकळ्यांबद्दल माझी स्वतःची निराशा झालेली आहे. त्यांचा सुगंध तेलात फारच थोडा उतरतो. गुलाबजल वेगळं वापरा, तेल वेगळं.

मूळ तेल कोणतं घ्यावं

नवख्या माणसानं तिळाच्या तेलापासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. तिळात स्वतःचेच असे घटक असतात जे तेलाला खवट होण्यापासून बराच काळ वाचवतात, आणि पहिल्या प्रयत्नाला ती सवलत हवीच. लाकडी घाण्याचं, न भाजलेल्या पांढऱ्या तिळाचं घ्या. दादर, पार्ले, ठाणे, डोंबिवली, कुठेही आता लाकडी घाण्याची दुकानं झाली आहेत. दुकानात विचारा, कधी काढलं? पंधरा दिवसांच्या आतलं असेल तरच घ्या आणि वास घेऊन घ्या.

ज्यांची त्वचा तेलकट आहे त्यांना तिळाचं तेल जड वाटतं. त्यांनी सूर्यफुलाचं किंवा करडईचं घाण्याचं तेल घ्यावं. या दोन्हींत लिनोलेइक आम्ल जास्त असतं, ती हलकी लागतात. पण ती खवटही लवकर होतात, म्हणून ५० मिलिलिटरच करायची आणि दोन-तीन महिन्यांत संपवायची. जोजोबा महाग असतं, पण ते खरं तर तेल नसून द्रवरूप मेण आहे, त्यामुळे फार टिकतं. बदामाचं तेल कोरड्या त्वचेला चांगलं, फक्त घरात कुणाला सुक्या मेव्याची ॲलर्जी असेल तर नको. तिळाचीही ॲलर्जी काहींना असते, तेही विचारून घ्या.

खोबरेल केसांना हवं तेवढं लावा. चेहऱ्याला, आणि तेही मुरुमं येणाऱ्या चेहऱ्याला, ते रंध्रं बुजवतं. कोकणातल्या आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या खोबरेल चेहऱ्याला लावलं गेलं आणि कुणाला काही झालं नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण ज्याला झेपतं त्याचं झेपतं. दुसऱ्याला देण्यासाठी तेल करत असाल तर खोबरेल टाळा. मोहरीचं तेल चेहऱ्यावर चुरचुरतं. जवसाचं फार लवकर बिघडतं. ऑलिव्ह तेलातलं ओलेइक आम्ल त्वचेचं वरचं आवरण सैल करू शकतं, म्हणून मी तेही घेत नाही.

खरेदी

वनस्पती काष्ठौषधींच्या दुकानातून घ्या. क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा फुले मंडईच्या आसपासच्या गल्ल्यांत आणि मंगलदास मार्केटच्या बाजूला अशी जुनी दुकानं आहेत. गिरगाव आणि दादरलाही मिळतात. पहिल्या तेलासाठी मंजिष्ठा ५० ग्रॅम आणि ज्येष्ठमध ५० ग्रॅम एवढंच पुरे, वाटल्यास थोडा वाळा. यात दहाएक वेळची तेलं होतील.

पावडर घेऊ नका, अख्खी मुळं आणि काड्या घ्या. मी जिथून घेते तिथल्या काकांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, "ताई, भुकटीत काय आहे ते मलाही दिसत नाही आणि तुम्हालाही. मूळ मोडून बघा, आत रंग दिसला पाहिजे." मंजिष्ठेचं मूळ मोडलं की आत लालसर दिसतं. ज्येष्ठमध मोडला की आत पिवळा, तंतूतंतूंचा, जिभेवर गोड. हाताला दमट लागणारी किंवा कुबट वास येणारी काडी परत करा. भुकटीची आणखी एक अडचण म्हणजे ती गाळता येत नाही आणि निम्मं तेल पिऊन बसते.

एखाद्या दुकानात तयार तेल गडद लाल दिसलं तर भारावून जाऊ नका. रतनजोत नावाचं मूळ तेलाला काही मिनिटांत तसा रंग देतं. मंजिष्ठेचा रंग त्यामानानं संथ आणि सौम्य.

दादरच्या फुलबाजारातून झेंडू आणून तेल करायचा मोह अनेकींना होतो, कारण परदेशी कृतींमध्ये त्वचेसाठी कॅलेंडुलाचं तेल असतं आणि त्याचा अर्थ झेंडू असा लावला जातो. ती वनस्पती निराळी आहे. आपला दसऱ्याचा झेंडू टॅजेटिस प्रजातीतला, त्याचं सुगंधी तेल त्वचेवर ऊन पडल्यावर त्रास देऊ शकतं. शिवाय बाजारातली फुलं हारासाठी पिकवलेली असतात, त्यांवर औषधं फवारलेली असतात. तोरणाची फुलं तोरणालाच राहू द्या.

काष्ठौषधींच्या त्याच फळीवर दोन गोष्टी अशाही असतात ज्या चेहऱ्याच्या जवळ आणायच्या नाहीत. एक बावची. तिच्यातल्या सोरालेनमुळे ऊन लागताच त्वचा भाजल्यासारखी होते. कोडावर ती वापरतात, पण वैद्याच्या किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखाली. दुसरा बिब्बा. बिब्बा उतणं म्हणजे काय, हे गावाकडच्या माणसाला सांगायला नको. फोड येतात आणि डाग मागे राहतात. लिंबाची, संत्र्याची साल घालून केलेलं तेलही दिवसा लावण्याच्या कामाचं नाही. लिंबाच्या सालीतले घटक उन्हात त्वचा भाजतात आणि काळे डाग पाडतात. "साल घातल्यानं चेहरा उजळतो" म्हणणाऱ्यांना उलटाच अनुभव येतो.

काचेच्या तपकिरी बाटल्या प्रिन्सेस स्ट्रीटच्या बाजूला मिळतात. ३० आणि ५० मिलिलिटरच्या घ्या, साध्या झाकणाच्या. ड्रॉपरची बाटली दिसायला बरी, पण तेलानं रबर हळूहळू खराब होतं आणि ड्रॉपर गालाला टेकवून परत बाटलीत घालायची सवय लागते. तपकिरी काच उगाच नाही. उजेडानं तेल लवकर बिघडतं.

याशिवाय ग्रॅममध्ये मोजणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि मलमलचा धुतलेला, इस्त्री केलेला तुकडा लागेल. स्वयंपाकाचा थर्मामीटर असला तर फारच उत्तम.

वाळवण

विकत आणलेली मुळं वाळलेलीच असतात असं समजू नका. मुंबईच्या हवेत दुकानातली पोतीही ओल धरतात. आणल्यावर दोन दिवस कडक उन्हात, वर्तमानपत्रावर पातळ कापड अंथरून वाळवा. खिडकीच्या जाळीत ठेवणार असाल तर वरून झाकायला दुसरं कापड हवंच. कबुतरांची पिसं आणि रस्त्याची धूळ चेहऱ्याच्या तेलात नको. ज्यांच्याकडे ऊन येत नाही, आणि मुंबईत अशी घरं पुष्कळ, त्यांनी तवा तापवून गॅस बंद करावा आणि कोमट तव्यावर मुळं पसरून ठेवावीत. असं तीन-चार वेळा केलं की काम होतं. भाजायचं नाही, फक्त ओल काढायची.

तुळस किंवा कडुनिंब घरचा वापरायचा असेल तर तो सावलीत, पंख्याखाली, पाच-सहा दिवस वाळवायचा. धुतला असेल तर आधी कापडानं एकेक फांदी टिपून घ्या. वाळला की नाही हे चुरगाळून कळतं. पान कुरकुरीत मोडून भुगा झालं पाहिजे, देठ काटकन तुटला पाहिजे. नुसतं वाकलं, चिवट लागलं, तर आणखी दोन दिवस. देठात ओल सगळ्यात शेवटपर्यंत दडून राहते, म्हणून मी देठ काढूनच टाकते.

वाळलेली मुळं खलबत्त्यात भरड कुटा. जाड रव्याएवढी किंवा थोडी मोठी. बारीक पीठ नको.

तेल करणं

प्रमाण वजनानं धरायचं: तेलाचा दहावा हिस्सा वनस्पती. १०० मिलिलिटर तिळाचं तेल साधारण ९२ ग्रॅम भरतं, त्याला मंजिष्ठा ५ ग्रॅम आणि ज्येष्ठमध ४ ग्रॅम. वास आवडत असेल तर ज्येष्ठमध एक ग्रॅम कमी करून तेवढा वाळा कातरून घाला. पहिल्याच वेळी सात-आठ वनस्पती एकत्र करू नका. चेहऱ्याला काही खुपलं तर कशामुळे खुपलं ते कळायला मार्ग राहत नाही.

बाटल्या आदल्या दिवशी दहा मिनिटं पाण्यात उकळा आणि पालथ्या घालून निथळत ठेवा. निथळल्या म्हणजे कोरड्या झाल्या असं होत नाही. तळाशी धुकं दिसतं का ते उजेडासमोर धरून बघा. मी बाटल्या ओव्हनमध्ये शंभर अंशांवर पंधरा मिनिटं ठेवते. ओव्हन नसेल तर कोमट तव्यावर आडव्या ठेवा, मधून फिरवा. झाकणंही पुसून उन्हात.

आता गॅस. खाली छोटं पातेलं, त्यात दोन इंच पाणी. वर स्टीलचं दुसरं पातेलं, त्यात तेल आणि भरड. इथे एक बारकावा आहे जो मला कुणी सांगितला नव्हता. वरचं पातेलं खालच्यापेक्षा रुंद हवं, कडा बाहेर आलेल्या हव्यात. नाहीतर खालची वाफ वर येऊन तेलात उतरते आणि आपणच आपल्या तेलात पाणी घालतो. त्याच कारणानं वर झाकण ठेवायचं नाही. झाकणाला वाफ धरते आणि थेंब पडतो. माशी-किडा पडू नये म्हणून पातळ कापड बांधा.

छोटा बर्नर, सगळ्यात मंद आच. खालचं पाणी शिजल्यासारखं हललं पाहिजे, खदखदायला नको. तेल ५० ते ६० अंशांवर राहिलं की उत्तम. थर्मामीटर नसेल तर लक्ष ठेवा: तेल धुरावता कामा नये, भरड तळली जाता कामा नये, तळणीचा वास आला की आच जास्त झाली. असं तीन तास. अर्ध्या-अर्ध्या तासानं कोरड्या लाकडी चमच्यानं ढवळा, खालचं पाणी आटलं तर वाढवा आणि वाढवताना वरचं पातेलं आधी बाजूला काढा. सुरुवातीला भरडीभोवती बारीक बुडबुडे दिसले तर ती उरलेली ओल निघते आहे. ते थांबेपर्यंत थांबायचं.

तीन तास गॅसजवळ राहायला वेळ नसेल तर आज दीड तास आणि उद्या दीड तास करा, चालतं. पण गॅस चालू ठेवून खाली भाजी आणायला जाऊ नका. तेल आहे ते.

काहीजण सूर्यपक्व तेल करतात: बरणीच्या तोंडाला कापड, बाहेरून खाकी कागद गुंडाळायचा आणि दोन-तीन आठवडे उन्हात ठेवायची, संध्याकाळी घरात आणायची. मार्च-एप्रिलमध्ये जमतं, तेलही छान होतं. पहिल्या वेळी मात्र मी सुचवणार नाही. इतके दिवस रोज न विसरता बरणी आत-बाहेर करणं मुंबईच्या नोकरदार घरात होत नाही आणि एका अवकाळी सरीत सगळं जातं.

गाळणं आणि मुरवणं

गॅस बंद केल्यावर पातेलं उचललंत की थांबा. त्याच्या बुडाला पाणी लागलेलं असतं. तसंच कलतं केलं तर बुडाचं पाणी ओघळून थेट बरणीत जातं. आधी बूड कोरड्या फडक्यानं पुसा, मग पुढचं.

कापड बांधून तेल रात्रभर तसंच मुरू द्या. सकाळी मलमल दुहेरी करून काचेच्या कोरड्या भांड्यात गाळा. आपोआप गळेल ते तेल वेगळं आणि पिळून निघालेलं वेगळं ठेवा. पिळलेल्या तेलात गाळ आणि ओल दोन्ही जास्त असतात. ते टाचांना, कोपरांना आठवडाभरात वापरून टाका. चेहऱ्यासाठी गळलेलंच.

हे तेल एक दिवस स्थिर ठेवा. दुसऱ्या दिवशी उजेडासमोर धरा. तळाशी गाळ बसलेला असेल, तो न हलवता वरचं तेल बाटल्यांत ओता. तळाशी काचेच्या मण्यांसारखे गोल थेंब दिसले तर ते पाणी आहे. तेव्हा वरचं तेल कोरड्या पातेल्यात घेऊन पुन्हा मंद आचेवर अर्धा-पाऊण तास ठेवा.

खात्री करायची जुनी युक्ती आहे: कोरड्या कापसाची वात तेलात भिजवून चिमट्यात धरून पेटवायची. तडतडली तर तेलात पाणी आहे. शांत जळली तर तेल कोरडं. देवघरातली वात ओली झाली की जशी तडतडते, तसाच आवाज. हे करताना तेलाची बाटली लांब ठेवा.

शंभर मिलिलिटरमधून ऐंशी-पंच्याऐंशी हाती येतं. ई जीवनसत्त्वाची ४०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल टोचून यात पिळा. सुगंधी अर्क घालायचाच असेल तर या सगळ्या तेलाला पाच-सात थेंबांवर जाऊ नका. मी घालत नाही. चेहऱ्याची कातडी पातळ असते आणि घरगुती तेलांच्या बहुतेक तक्रारी मी याच थेंबांपाशी येऊन थांबलेल्या पाहिल्या आहेत.

बाटलीवर चिकटपट्टी लावून लिहा: कोणतं तेल, काय घातलं, कोणत्या तारखेला. तिळाचं तेल सहा महिने, सूर्यफुलाचं-करडईचं तीन. पावसाळ्यात उघडलेली बाटली दोन महिन्यांत संपवा. जागा कपाटात, अंधारात. न्हाणीघरात नको, गॅसजवळ नको. फ्रिजमध्ये ठेवायचं असेल तर न उघडलेली बाटलीच ठेवा. थंड बाटली दमट हवेत रोज उघडली की आतल्या बाजूला दव धरतं. तेल बिघडलं की वास बोलतो. गेल्या दिवाळीचा चिवडा चैत्रात उघडल्यावर येतो तसा खवट वास आला की ते तेल संपलं. फेकताना मोरीत ओतू नका, पाइप तुंबतात. जुन्या वर्तमानपत्रात शोषून कचऱ्यात द्या.

लावण्याआधी आणि लावताना

दोन थेंब कोपराच्या आतल्या बाजूला, रोज, तीन दिवस. काही झालं नाही तर कानामागे जबड्याच्या कडेला दोन दिवस. मग चेहरा. पाच दिवस वाट बघायला कंटाळा येतो हे खरं, पण चेहऱ्यावर उठलेलं लोकांना दिसतं आणि आपल्यालाही आरशात रोज दिसतं.

रात्री लावा. लोकलमधून, रस्त्यावरून आलेला दिवसभराचा घाम आणि धूळ आधी सौम्य फेसवॉशनं धुवा. चेहरा किंचित ओलसर असतानाच तीन थेंब, चारच्या वर नाही, तळव्यांवर चोळून गालांवर, कपाळावर दाबल्यासारखे लावा. इथे पाणी चालतं, बाटलीत नाही. डोळ्यांच्या अगदी जवळ नको. अर्ध्या तासानं मऊ सुती कापडानं जास्तीचं टिपून घ्या आणि उशीचा अभ्रा दोन-तीन दिवसांनी बदला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी रोज चालेल. एप्रिल-मेच्या घामात एक रात्र आड, आणि त्वचा तेलकट असेल तर त्या दिवसांत बंद.

पिकलेली मुरुमं, घामोळं किंवा उघडी जखम असेल तर तेल नको. भुवयांत, नाकाच्या कडांना कोंड्यासारखे पापुद्रे सुटत असतील तरीही नको. त्या त्रासामागची बुरशी त्वचेवर मुळातच असते आणि तेलातल्या आम्लांवर पोसते. तेल लावलं की ती वाढते. लहान बाळांच्या चेहऱ्यावर हे औषधी तेल लावू नका.

लाल झालं, आग झाली, सुजलं, तर धुऊन टाका आणि तेल थांबवा. दोन दिवसांत ओसरलं नाही तर त्वचारोगतज्ज्ञ गाठा. केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत त्वचेची ओपीडी असते. वांगासाठी तेल करून द्या म्हणून मला खूपजणी विचारतात. वांग तेलानं जात नाही. त्याला उन्हापासून जपणं आणि डॉक्टरांचा सल्ला दोन्ही लागतात. आणि हे तेल कुणाला गोरं करत नाही. ते कोरडेपणा कमी करतं, चेहरा मऊ ठेवतं, रात्री लावताना दोन मिनिटं स्वतःच्या चेहऱ्याला हात लागतो. मुलीचं लग्न ठरलंय, रंग उजळेल असं काहीतरी द्या, असं म्हणणाऱ्या आईला मी तेल देते, पण हे वाक्य आधी ऐकवते. उन्हापासूनही हे तेल वाचवत नाही, सकाळी सनस्क्रीन वेगळं लावायचंच.

आता कुंकुमादिसारख्या तेलांबद्दल

आयुर्वेदाच्या पद्धतीत सिद्ध तेल नुसतं मुरवत नाहीत, शिजवतात. शार्ङ्गधरसंहितेतलं सर्वसाधारण प्रमाण असं: वनस्पतींचा वाटलेला कल्क एक भाग, तेल चार भाग आणि काढा, दूध यांसारखा द्रव सोळा भाग. हे सगळं एकत्र मंद आचेवर, पाण्याचा अंश पूर्ण आटेपर्यंत. म्हणजे जे घटक पाण्यात उतरतात त्यांनाही संधी मिळते आणि शेवटी पाणी मागे राहत नाही. तेल झालं की नाही हे ओळखण्याच्या खुणाही ठरलेल्या आहेत: कल्क बोटांत वळला की त्याची वात झाली पाहिजे, ती आगीत टाकली की आवाज होता कामा नये, आणि तेलावर फेस आला पाहिजे. वरची वातीची युक्ती याच परंपरेतली.

हे काम तासन्‌तासांचं, कधी दोन-तीन दिवसांचं असतं. पाच मिनिटं लवकर उतरवलं तर पाणी राहतं, पाच मिनिटं उशीर झाला तर कल्क करपतो. मी दोन वर्षं मुरवलेली तेलं केली आणि मगच एका वैद्यांच्या घरी बसून हे शिकले. तुम्हीही तसंच करावं असं मला मनापासून वाटतं. तोवर कुंकुमादि हवं असेल तर परवानाधारक औषधशाळेचं, तारीख बघून विकत घ्या.

चार बाटल्या चांगल्या झाल्या की मैत्रिणी म्हणतात, विकायला काढ. देण्याघेण्यापुरतं ठीक आहे. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन बनवायला १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना लागतो, २०२० पासून त्याचे स्वतंत्र नियमही आहेत. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासन बघतं, त्यांचं मुख्य कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. घरच्या ओट्यावर केलेलं तेल बचतगटाच्या टेबलावर मांडण्याआधी तिथे चौकशी करा.

उरलेला चोथा टाकू नका. मंजिष्ठा-ज्येष्ठमधाचा तेलकट चोथा डाळीच्या पिठात मिसळला की हातापायांसाठी चांगलं उटणं होतं. मात्र त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी वापरून संपवा, आणि लावल्यावर न्हाणीघराच्या लादीवर साबणाचं पाणी ओता. तेलाची लादी फार घसरते.